सेवेबाहेरचा दिवस

गेल्या वर्षी उन्हाळा संपत आला असताना, एका बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, नांदेड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात माझ्या धाकट्या बहिणीने एका बाळंतिणीला रक्तस्राव थांबवण्याचे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात वारली. इंजेक्शन दिले त्या दिवशी माझी बहीण नोकरीत नव्हती.

गावाचे नाव इथे देत नाही. मी तिथे नव्हतो. पुढे जे आहे ते काही बहिणीने सांगितलेले, काही नंतर पाहिलेल्या कागदांवरचे आणि थोडे माझ्यासमोर झालेले आहे.

बहीण कंत्राटी परिचारिका आहे. तिचा नेमणुकीचा आदेश अकरा महिने एकोणतीस दिवसांचा असतो. तो संपला की एक दिवस ती कुणीच नसते आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा आदेश येतो. कार्यालयात याला तांत्रिक खंड म्हणतात. केंद्रावर नुसते ‘ब्रेक’ म्हणतात. सलग वर्ष भरू नये आणि कायम नोकरीचा हक्क कुणी सांगू नये यासाठी ही सोय आहे, असे एका निवृत्त अधिकाऱ्याने मला बातमीच्या निमित्ताने पूर्वी समजावले होते. त्या बातमीला सहा ओळी मिळाल्या होत्या.

पहिला आदेश आला तेव्हा आम्ही रेणापूरजवळच्या गावी होतो. आमच्या वस्तीत वडिलांच्या पिढीतले पाच जण सरकारी नोकरीत लागले. वस्ती त्यांना अजूनही खात्याच्या नावानेच ओळखते: पोस्टवाले, पाटबंधारेवाले, शाळावाले. वडील तहसीलवाले. त्यांनी तो आदेश माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला. शेवटच्या अटीत लिहिले होते की नेमणूक पूर्णपणे तात्पुरती असून तिच्या आधारे कायम सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही.

“वरी शिक्का सरकारचाच हाय ना?” वडिलांनी विचारले.

“हाव.”

“मंग झालं.”

बहिणीचे तेव्हा लातूरच्या एका खाजगी रुग्णालयाशी बोलणे चालले होते. मी तिला हा आदेश घ्यायला सांगितले. कायम भरती निघेपर्यंत तोवर कर, असे म्हणालो. त्या ‘तोवर’ला नऊ वर्षे झाली.

या नऊ वर्षांत केंद्रावर पाच वैद्यकीय अधिकारी येऊन गेले. पाचही कंत्राटी. त्यांच्यातला एकही आपले भांड्यांचे खोके पूर्ण उघडत नसे, असे बहीण सांगे. कुणी पदव्युत्तर प्रवेशाची वाट पाहत होता, कुणी नांदेडला स्वतःचा दवाखाना काढण्यासाठी जागा बघत होता. एकाने तिला सांगितले होते की कंत्राट बरे, कुणी बदली करत नाही, मन उठले की निघता येते. डॉक्टरांना ती नोकरी स्टँडवरच्या बाकासारखी होती. बहिणीकडे येणाऱ्या बायकांना मात्र हा फरक माहीत नव्हता. त्यांच्या लेखी डॉक्टर बदलत आणि सिस्टर तीच असे.

लग्नाच्या बाजारात फरक सगळ्यांना माहीत होता. चौथ्या वर्षी जळकोटकडून एक स्थळ आले. मुलगा एका खाजगी संस्थेच्या शाळेत शिक्षक. बोलणे त्याच्या मामांनी केले.

“पोरगी पर्मनंट हाय का?”

“होईल,” वडील म्हणाले.

“होईल म्हंजे न्हाई.” मामा हसले. “आमचा गडी बी संस्थाचालकाच्या मर्जीवर हाय, पाव्हणं. एका घरात दोन तात्पुरते कसे ठिवायचे?”

वाईट बोलले असे कुणाला वाटले नाही. वडीलही हसले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि नंतर काही कळवले नाही. बहिणीने त्या आठवड्यात लातूरच्या त्याच रुग्णालयातून आलेला दुसरा निरोपही नाकारला. आता सोडले तर चार वर्षे फुकट जातील, हे तिचे कारण होते. पुढच्या वर्षी पाच, त्याच्या पुढच्या वर्षी सहा. दरवर्षी सोडणे अधिक महाग होत गेले.

मग दहा वर्षे सलग काम केलेल्यांना कायम पदांवर सामावून घेण्याचे धोरण आले. ब्रेकचा एक दिवस माफ होता. त्याहून मोठा खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बहिणीचा नववा आदेश चालू होता. तो संपून दहावा मिळायचा आणि ते वर्ष नीट पार पडायचे, एवढेच राहिले होते. वडील त्या काळात फोनवर तिच्या तब्येतीच्या आधी आदेशाची चौकशी करत.

आता ब्रेकच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी कंत्राटी माणसे घरी बसत नाहीत. बसली तर केंद्र बंद ठेवावे लागेल. ती नेहमीसारखी येतात, फक्त हजेरीपटावर सही करत नाहीत. कामाच्या नोंदी वह्यांत करतात आणि सहीचा रकाना मोकळा सोडतात. दुसऱ्या दिवशी नवा आदेश आला, रुजू झाल्याचा अहवाल दिला, की आदल्या दिवशीच्या मोकळ्या रकान्यांत सह्या घालून टाकतात. असे करा म्हणून कुणी सांगितलेले नाही. लेखी तर कुठेच नाही. बहिणीला हे तिथल्या आधीच्या कंत्राटी सिस्टरने दाखवले होते आणि तिने ते पुढच्यांना दाखवले. नऊ वर्षांत कुणी विचारले नाही.

त्या बुधवारी केंद्रावर तीन कंत्राटी माणसे होती: बहीण, औषधे देणारा आणि रक्तलघवी तपासणारा तंत्रज्ञ. तंत्रज्ञ दरवर्षी त्या दिवशी एकच विनोद करी.

“सिस्टर, आज आपण न्हाई बरं का. कुणी विचारलं तर सांगा, माझी सावली येऊन गेली.”

“सावलीला चहा लागतो का?”

“लागतो. बिनसाखरेचा.”

वैद्यकीय अधिकाऱ्याला त्या दिवशी नांदेडला बैठक होती. केंद्रावरची एकमेव कायम परिचारिका, जिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, हजेरीपटावर सही करून सात किलोमीटरवरच्या गावी लसीकरणाला गेली होती. अकराच्या सुमारास एक बाई बाळंतपणासाठी आली. दुसरी खेप. बरोबर सासू. शेतकरी घर, गाव जवळचेच. एक वाजून पंचवीस मिनिटांनी मुलगी झाली. बाळ रडले, वजन नोंदले गेले. त्यानंतर रक्त थांबेना.

बहिणीने अधिकाऱ्याला फोन केला. पहिला उचलला गेला नाही. दुसरा उचलला तेव्हा तो बैठकीतून बाहेर आलेला होता. त्याने जे सांगितले त्यातले बहुतेक तिने आधीच केले होते: पोट चोळणे, सलाइन, पहिले इंजेक्शन. दोन दहाला दुसरे दिले. रुग्णवाहिकेला त्याआधीच फोन गेला होता. ती अडीचला आली.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने नांदेडला पाठवण्याची चिठ्ठी मागितली. बहिणीने ती लिहून ठेवलेली होती. त्याने पाहिली आणि परत दिली.

“सही राहिली. वेळ बी टाका. त्याच्याबिगर तिथं उतरवून घेत न्हाईत, सिस्टर.”

तिने सही केली, खाली पदनाम लिहिले, तारीख आणि वेळ टाकली. सासू बाळाला पदरात घेऊन गाडीत बसली. गाडी गेली. बहीण मागे राहिली, कारण केंद्रावर दुसरे कुणी नव्हते. तिने प्रसूतीच्या वहीत पूर्ण नोंद केली आणि सहीचा रकाना मोकळा सोडला.

साडेपाचला तिचा मला फोन आला. मी लातूरला वर्तमानपत्राच्या कार्यालयात होतो, पाने लागत होती.

“दादा, मी आज सही केली.”

मला कळले नाही. कशावर, असे मी विचारले. तिने सांगितले. काही होत नाही, उद्या बोलू, असे मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पुढे ती बाई गेली. नऊ वाजता तालुक्याहून गाडी आली आणि प्रसूतीची वही, हजेरीपट व औषधांची वही घेऊन गेली. गाडी आली तेव्हा बहीण फाटकातून आत येत होती. वह्यांना हात लावायला तिला वेळ मिळाला नाही. सरकारी वहीनुसार त्या बाईचे बाळंतपण कुणीच केलेले नव्हते. चिठ्ठीनुसार ते अशा परिचारिकेने केले होते जी त्या दिवशी तिथे नव्हती.

अकरा वाजता नवे आदेश आले. औषधे देणाऱ्याचा आणि तंत्रज्ञाचा. तिसरा पाठोपाठ येईल, असे कारकून म्हणाला. संध्याकाळी वैद्यकीय अधिकाऱ्याने तिला आदेश येईपर्यंत घरीच थांबायला सांगितले. तंत्रज्ञाने त्या दिवशी विनोद केला नाही. त्याने आपला रुजू अहवाल तिच्यासमोर लिहायचे टाळले, बाहेर जाऊन मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिला.

बहीण केंद्राच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होती. पहिल्या तीन दिवसांत सहा बायकांनी तिचे दार वाजवले. कुणाला दिवस भरत आले होते, कुणाच्या बाळाला ताप होता. तिने प्रत्येकीला केंद्रावर जायला सांगितले. एकीने विचारले की सिस्टर, तुमाला काढलं का. तिने नाही म्हटले. मग ठिवलं का, असे त्या बाईने विचारले.

रविवारी मी अहमदपूर, लोह्यावरून नांदेडला आणि तिथून त्या गावी गेलो. खोलीत मोठ्या सिस्टर बसलेल्या होत्या. त्यांना निवृत्तीला दोन वर्षे होती. थोड्या वेळाने वैद्यकीय अधिकारी आला, दार लोटून घेतले आणि उभ्यानेच बोलला. त्याने योजना मांडली. लसीकरण बारालाच संपले, मोठ्या सिस्टर परत आल्या, बाळंतपण त्यांनी केले आणि गडबडीत सही राहिली. बहीण जवळच राहते म्हणून मदतीला धावून आली. चिठ्ठी मोठ्या सिस्टरच्या सांगण्यावरून लिहिली.

“मला यातून काही मिळवायचं नाही,” तो म्हणाला. “मी दोन महिन्यांत निघालो. तुमची वर्षं भरत आलीत म्हणून सांगतोय.”

मोठ्या सिस्टर बहिणीकडे पाहत म्हणाल्या, “माय, मी म्हणते मीच केलं. दोन वर्षाची माझी नोकरी. माझं काय करून राहिलेत ते?”

लसीकरणाच्या गावी त्या दिवशी दीड वाजून गेल्यावरही मुलांना डोस दिल्याची नोंद होती. ती वही केंद्रावर दुसऱ्या खोलीत होती आणि अजून कुणी नेली नव्हती. अधिकाऱ्याने तिचा उल्लेख केला नाही. मोठ्या सिस्टरनी केला. त्या म्हणाल्या की ती वही त्यांच्याच हातची आहे आणि पानही त्याच बदलतील.

ते दोघे गेल्यावर बहिणीने मला विचारले. तिने प्रश्न एकदाच विचारला: “दादा, काय लिहू?”

मी अनेक वर्षे लोकांचे खुलासे छापले होते. कुठला टिकतो आणि कुठला दोन दिवसांत उघडा पडतो, याचा मला अंदाज होता. बदललेले पान सापडते, हे मी पाहिले होते. मी तिला जे घडले तेच, घडले त्या क्रमाने, वेळांसह लिहायला सांगितले. तिने ब्रेकचे काय करू म्हणून विचारले. तेही लिही म्हणालो. तिने दीड पान लिहिले. मी दोन ठिकाणी विशेषणे काढली आणि एक वेळ दुरुस्त करायला सांगितली. सोमवारी सकाळी तिने ते तालुक्याला नेऊन दिले आणि पोच घेतली.

मोठ्या सिस्टरनी पोच पाहिली. जाताना त्यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. वैद्यकीय अधिकाऱ्याने त्यानंतर तिचे फोन घेतले नाहीत.

चौकशी दहाव्या दिवशी झाली. समितीत तिघे होते. मी बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. खिडकी उघडी होती आणि आतले बरेचसे ऐकू येत होते. बहिणीला आत बसवून तिच्याआधी सासूला बोलावले. ती बाळाला घेऊन आली होती. समितीने विचारले की बाळंतपणाच्या वेळी कोण होते. सासूने बहिणीकडे बोट केले असावे, कारण कुणीतरी म्हणाले, “तोंडानं सांगा, बाई, लिहून घ्यायचंय.”

“हीच होती,” सासू म्हणाली. “सुरूपासून हीच. दुसरं कोणी न्हवतं. हिनं लई केलं, साहेब. हिचे हात कोपरापोत्तर रगताचे होते.”

दुसरे कुणी नव्हते हे नक्की का, असे पुन्हा विचारण्यात आले. सासूला वाटले की ते सिस्टरच्या बाजूने विचारत आहेत. तिने आणखी सांगितले. चिठ्ठी हिनेच लिहिली, सही हिनेच केली, गाडीत बसवायलाही हीच होती, बाईला धीर हीच देत होती. ते सगळे लिहून घेतले गेले. खाली तिचा अंगठा घेतला. बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ थांबली. मी कोण हे तिला कळले होते.

“मी समदं चांगलं सांगितलं,” ती म्हणाली. “तुमच्या बहिणीला काय होऊ द्यायचे न्हाईत ते.”

बरे केले, असे मी म्हणालो. तिने बाळ माझ्यासमोर धरले. बाळ झोपलेले होते. नाव अजून ठेवले नव्हते.

मग बहिणीचा जबाब वीस मिनिटे चालला. तिला उपचारांबद्दल तीनच प्रश्न विचारले. बाकीचे सगळे त्या दिवसाबद्दल होते. आदेश कधी संपला हे माहीत होते का. होते. मग प्रसूतिगृहात कुणाच्या परवानगीने गेलात. तिने बाई आली होती म्हणून सांगितले. परवानगी कुणाची, असे पुन्हा विचारले. आधीच्या आठ ब्रेकच्या दिवशीही काम केले का. केले, असे ती म्हणाली. त्या दिवसांच्या वह्यांत सह्या आहेत, त्या कधी केल्या. दुसऱ्या दिवशी. हे सगळे उत्तरांसह टंकलिखित झाले आणि तिने प्रत्येक पानावर सही केली.

घरी वडिलांना आम्ही चौकशीचे सांगितले नव्हते. त्यांना वस्तीतून कळले. त्यांनी मला फोन केला.

“तूच लिहून दिलंस म्हणं.”

लिहिले तिने, मी फक्त वाचले, असे मी सांगितले.

“ती थोरली सिस्टर करती म्हणली होती ना सही?”

“हाव.”

मग त्यांनी पगाराबद्दल नाही, खोलीबद्दल नाही, मोजणीबद्दल विचारले. किती दिवस झाले खंडाला, असे विचारले. चौदा, मी म्हणालो. त्यांनी तो आकडा पुन्हा उच्चारला आणि फोन ठेवला. त्यानंतर ते रोज सकाळी फोन करत आणि मी काही सांगण्याआधी स्वतःच आकडा सांगत. पंधरा. सोळा.

त्या दिवसांत मी शेजारच्या दोन तालुक्यांतल्या आणि उमरीकडच्या ओळखीच्या कंत्राटी परिचारिकांना विचारले. ब्रेकच्या दिवशी तुम्ही काय करता. चौघींनी काम करतो असे सांगितले. सह्यांचे विचारल्यावर दोघींनी विषय बदलला, एकीने तुम्ही पेपरवाले ना म्हणून फोन बंद केला. चौथी म्हणाली की औंदाच्या ब्रेकला घरी बसायचे ठरवले आहे. मग म्हणाली, पण कुणी दारात आली तर काय करणार. मी बातमी लिहायला घेतली आणि सोडून दिली. माझ्या बहिणीचे प्रकरण चालू होते.

समितीचा अहवाल मी नंतर पाहिला. तो चार पानांचा आहे. तिसऱ्या पानावर लिहिले आहे की दिलेले उपचार, त्यांचा क्रम आणि पुढे पाठवण्याची वेळ योग्य होती. मृत्यूचे कारण उपचारांतील चूक नव्हे. चौथ्या पानावर लिहिले आहे की उपचार देणारी व्यक्ती त्या दिनांकास सेवेत नव्हती, तिने स्वतः ते लेखी मान्य केले आहे आणि मृत महिलेच्या सासूच्या जबाबाने त्यास दुजोरा मिळतो. कारवाईची शिफारस नाही. नवीन नेमणुकीस हरकत नाही, असे शेवटचे वाक्य आहे.

अहवालानंतर जिल्ह्यातून सर्व केंद्रांना एक पत्र गेले. तांत्रिक खंडाच्या दिवशी कंत्राटी कर्मचाऱ्यांनी केंद्राच्या आवारात थांबू नये आणि रुग्णसेवा खंडित होणार नाही याची दक्षता घ्यावी, असे त्यात आहे. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत.

बहिणीचा आदेश एकोणिसाव्या दिवशी आला. केंद्र तेच, पद तेच, मुदत अकरा महिने एकोणतीस दिवस. ‘यापूर्वीची सलग सेवा’ या रकान्यात शून्य लिहिलेले आहे. ती त्याच दिवशी सकाळी नऊ चाळीसला रुजू झाली.